‘मूळ’ गाडीतली उसनी ठिणगी

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा, समोरच्या तीरावर अष्टमी. नगरपालिका दोघांची एकच आणि पाऊसही एकच. जून ते सप्टेंबर हा टापू असा भिजतो की काडेपेटीतली काडीसुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस पेट घेते. अशा हवेत एखादी जुनी जावा किंवा बुलेट पुलाच्या तोंडाशी बंद पडली, की भोवती जमलेल्यांचे निदान तयार असते: पॉइंटच्या गाड्यांचे हे असेच, काढून टाका आणि सीडीआय बसवा. सल्ला अमलात येतो. जुने भाग पोत्यात भरून भंगारात जातात. वर्ष-दोन वर्षांनी तीच गाडी नव्या रंगात, चकचकीत क्रोममध्ये उभी राहते, तिचे छायाचित्र झळकते आणि खाली ओळ असते: ‘शंभर टक्के मूळ’.

हा धागा त्या निदानाविरुद्ध आहे आणि त्या ओळीविरुद्धही. पहिल्या चुकीतूनच दुसरा खोटेपणा जन्माला येतो, म्हणून आधी निदान तपासणे भाग आहे.

ठिणगी कशी पडते हे समजून घेण्यासाठी अष्टमीकरांना दूर जावे लागत नाही. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला भिरा येथे टाटांचे वीजगृह १९२७ पासून आहे. ज्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाचे पाणी तेथे वीज निर्माण करून कुंडलिकेत उतरते. ती वीज मुंबईकडे पाठवण्यापूर्वी रोहित्राने तिचा दाब चढवावा लागतो. मोटारसायकलची इग्निशन कॉइल हे तेच रोहित्र, फक्त मुठीत मावेल एवढे. बॅटरीचा ६ व्होल्टचा प्रवाह तिच्या जाड तारेच्या वेढ्यांतून वाहतो तोवर तिच्यात चुंबकीय क्षेत्र साठत राहते. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम ठरल्या क्षणी पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते. त्याबरोबर बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते.

या व्यवहारात कंडेन्सरचे नाव सर्वांत कमी घेतले जाते आणि शिव्या सर्वांत जास्त त्यालाच बसतात. पॉइंट उघडताना तुटणारा प्रवाह हवेतूनही उडी मारू पाहतो. ती उडी झाली तर ठिणगी प्लगमध्ये पडण्याऐवजी पॉइंटांतच पडते आणि तेच जळतात. त्यांना समांतर जोडलेला कंडेन्सर त्या क्षणापुरता प्रवाह पोटात घेतो आणि क्षेत्र झटकन कोसळू देतो. त्याची क्षमता मायक्रोफॅरडच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी असते, पण ती त्या कॉइलशी आणि त्या पॉइंटांशी जुळणारी असावी लागते. न जुळल्यास एका पॉइंटवरचा धातू उडून दुसऱ्यावर बसतो, एकीकडे खड्डा पडतो आणि दुसरीकडे टेकाड उभे राहते. ते टेकाड म्हणजे विजोड कंडेन्सरची लेखी साक्ष असते. जाणता मेकॅनिक ती वाचतो. बाकीचे पॉलिश पेपरने पुसून टाकतात.

आता हिशेब पाहावा. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२ व्होल्टसाठी बनवलेली कॉइल ६ व्होल्टच्या गाडीवर चढवली तर प्रवाह निम्मा होतो आणि ऊर्जा चौथाई उरते. उन्हाळ्यात, भरलेल्या बॅटरीवर अशी गाडी कशीबशी चालते. श्रावणात प्लगची टोपी ओलसर झाली आणि हाय टेन्शन वायरच्या चिरांतून थोडा दाब निसटला, की ती चौथाईही पुरत नाही. गाडी अष्टमीच्या पुलावर थांबते आणि दोष जातो पॉइंटांकडे! उलट बाजूने ६ व्होल्टची कॉइल १२ व्होल्टवर लावली तर प्रवाह दुप्पट आणि उष्णता चौपट होते. कॉइल तापते, पॉइंट काळे पडतात, आणि दोष पुन्हा त्यांचाच. सीडीआयची कॉइल तर जातीनेच वेगळी असते. त्या यंत्रणेत ऊर्जा कॉइलमध्ये साठत नाही, खोक्यातल्या कपॅसिटरमध्ये काही शे व्होल्टच्या दाबाने साठते, म्हणून तिच्या कॉइलचा रोध फार कमी ठेवलेला असतो. दिसायला सारखी म्हणून ती पॉइंटच्या गाडीवर बसवणाऱ्याला पॉइंट का जळाले हे विचारण्याचा अधिकार राहत नाही.

या भागांचे एकमेकांशी जुळणे हा विषय केवळ गॅरेजचा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी १९१४ साल आठवावे. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १८९७ मध्ये दे दियाँ-बूताँच्या तीनचाकीवर मॅग्नेटो बसवून दाखवला, आणि १९०२ मध्ये तेथील अभियंता गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. बॅटरीवाचून, फिरत्या चुंबकीय यंत्रातूनच ठिणगी देणारे हे साधन इतके सरस ठरले की पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटन मॅग्नेटोसाठी जवळजवळ संपूर्णपणे जर्मनीवर अवलंबून होता. समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या साम्राज्याला आपल्या मोटारी, लष्करी दुचाक्या आणि विमाने यांच्या ठिणगीसाठी शत्रूच्या मालाचा तुटवडा सोसावा लागला. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने त्याच वर्षी थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो करणारी कंपनी विकत घेतली, आणि ब्रिटिश मॅग्नेटो उद्योग घाईघाईने उभा राहिला. ज्या लुकासला पुढे जगभरच्या मोटारसायकलस्वारांनी ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून हिणवले, तिच्या मोठेपणात या टंचाईचा मोठा वाटा आहे.

त्या वारशाचे यंत्र पुढे हिंदुस्थानातही आले. दुसऱ्या महायुद्धातली बीएसए एम २० ही लष्करी गाडी लुकासच्या मॅगडायनोवर चालत असे. म्हणजे ठिणगीचा मॅग्नेटो आणि दिव्यांचा डायनामो एकाच जोडयंत्रात. या मॅग्नेटोचा कंडेन्सर फिरत्या आर्मेचरच्या पोटात असतो. तो म्हातारा झाला की गाडी थंड असताना पहिल्या किकला सुरू होते, दहा मैल पळते आणि चहाला थांबली की पुन्हा सुरू होत नाही. ही खूण इतकी ठरलेली आहे की तिच्यावरून निदान डोळे मिटून करता येते. तरीही असंख्य मॅग्नेटो ‘चुंबक गेला’ म्हणून फेकले गेले. काही ठिकाणी चुंबक खरोखरच गेला होता, पण तो मेकॅनिकच्या हातून: जुन्या पोलादी चुंबकातून आर्मेचर बाहेर काढताना ध्रुवांवर लोखंडी पट्टी ठेवली नाही तर चुंबकत्व उतरते. पुन्हा बसवलेला मॅग्नेटो दुबळा होतो आणि बदनामी लुकासची होते.

मॅग्नेटोत जुळवणीचा आणखी एक पदर आहे. चुंबकीय प्रवाह ज्या क्षणी सर्वांत वेगाने दिशा बदलतो, त्याच क्षणी पॉइंट उघडले पाहिजेत. हे यंत्राचे अंतर्गत टायमिंग. पिस्टनशी जुळवायचे टायमिंग निराळे. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरांच्या फ्लायव्हील मॅग्नेटोमध्ये हाच नियम लागू होतो. चुंबक फ्लायव्हीलमध्ये असतात आणि पॉइंट आतल्या पाटीवर. एका मॉडेलचे फ्लायव्हील दुसऱ्याच्या पाटीवर बसते, फिरते, दिसतेही बरोबर. पण चाव्याच्या खाचेची जागा निराळी असेल तर पॉइंट उघडतात तेव्हा चुंबक भलतीकडेच असतो. दोन्ही भाग अस्सल, दोन्ही कंपनीचेच, आणि ठिणगी मेलेली. ‘ओरिजिनल पार्ट’ या शब्दाचा जप करणाऱ्यांनी या उदाहरणापाशी थोडे थांबावे.

तर हे संच मोडले कधी आणि का? येथे इतिहास गॅरेजमधून बाहेर पडून थेट दिल्लीच्या अर्थखात्यात जातो. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून परदेशी सुटे भाग जोडून गाड्या करीत होती. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले की देशात प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी नुसती जोडणी करू नये. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने येथला गाशा गुंडाळला. त्या वेळी अर्थमंत्रिपदावर होते चिंतामणराव देशमुख, ज्यांचे नाते याच रोह्याशी. १९५६-५७ नंतर परकीय चलनाची चणचण तीव्र झाली आणि आयातीवरचे निर्बंध आवळले गेले. धोरण योग्य की अयोग्य हा वाद येथे काढण्याचे कारण नाही. त्याचा एक परिणाम मात्र निर्विवाद आहे: परदेशी मोटारसायकलीचा कंडेन्सर बिघडला तर दुसरा तसाच मिळेल याची खात्री संपली.

जावाचीच कहाणी घ्यावी. चेकोस्लोव्हाकियाची ही गाडी प्रथम आयात केली ती मुंबईच्या इराणींनी. आयात आवळल्यावर रुस्तुम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला आणि १९६१ पासून गाडी तेथे बनू लागली. १९७३ च्या सुमारास तिचे नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. किक मारायचा दांडाच खाली वळवून गिअरचा दांडा होतो, हे तिचे कौतुक प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन सायलेन्सर असूनही तिला सिलिंडर एकच, हेही बहुतेकांना ठाऊक आहे. तिची खरी हुशारी मात्र झाकणाखाली आहे. क्रँकच्या टोकावरच डायनामो बसवलेला, आणि तेथेच पॉइंट. चार्जिंग आणि ठिणगी एकाच दांड्यावर, एकाच ६ व्होल्टच्या हिशेबाने बांधलेले. मूळ चेक गाडीत हे विद्युत भाग पाल या चेक नाममुद्रेचे असत. पॉइंटांची फट साधारण ०.४ मिलिमीटर. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे सरकते आणि कॉइलला भरण्यास वेळ कमी मिळतो. फट कमी झाली की टायमिंग मागे जाते आणि पॉइंटांत जाळ होतो. एका भागाला हात लावला की दुसरा हलतो, अशी ही बांधणी आहे.

या बांधणीवर टंचाईच्या दशकांनी हात फिरवला. खेड्यापाड्यांत फीलर गेजच्या जागी पोस्टकार्ड आले. मिळेल त्या गाडीचा कंडेन्सर बाहेरून तारेने बांधला गेला. मोटारीची कॉइल मोटारसायकलच्या टाकीखाली लटकली. चोर बाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून, नाना पेठेतल्या दुकानांतून जे हाती लागले ते बसले. ज्या मिस्त्रींनी हे केले त्यांना नावे ठेवणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. डॉक्टर, शिक्षक, दूधवाला यांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी चालली पाहिजे ही त्यांची जबाबदारी होती, आणि ती त्यांनी पार पाडली. त्यांच्या तारेच्या गाठी हाही या देशाच्या यंत्रेतिहासाचा अस्सल दस्तऐवज आहे.

मग १९८० च्या दशकात जपानी सहकार्याची लाट आली. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा १९८४ मध्ये आली, आणि तिच्यासारख्या गाड्यांनी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घरोघरी नेले. तुलना सुरू झाली ती येथे, आणि तुलनेतच खोट होती. एका बाजूला कारखान्यातून नुकताच निघालेला, अंतर्बाह्य जुळलेला सीडीआयचा संच. दुसऱ्या बाजूला पंचवीस वर्षे परके कंडेन्सर, परक्या कॉइली आणि अंदाजाची फट सोसलेले पॉइंट. पहिला जिंकला. निकाल लिहिला गेला की पॉइंटची रचनाच वाईट. प्रत्यक्षात हरली होती ती मोडलेली जोडी. जुळलेल्या पॉइंट-कॉइलची सीडीआयशी कसोटी आपल्या रस्त्यांवर फारशी कोणी लावलीच नाही.

सीडीआयचे गुण नाकारण्याचे कारण नाही. त्याचा दाब फार झपाट्याने चढतो, म्हणून काजळी धरलेल्या प्लगवरही तो ठिणगी पाडतो. घासणारा भाग नसल्याने फट पुन्हा पुन्हा पाहावी लागत नाही. जुन्या गाडीवरून रोज कामाला जाणाऱ्याने तो बसवला तर त्यात पाप नाही. पण त्याची किंमत काय, हे आधी ओळखावे. जावावर बाजारातला बारा व्होल्टचा संच चढवताना केवळ पॉइंट जात नाहीत. डायनामोचे आर्मेचर, पॉइंटांची पाटी, कंडेन्सर, रेग्युलेटर, कॉइल आणि बॅटरी हे सारे उतरते. हेडलाइटच्या आवरणातली ती नामांकित चावी जागेवर राहते, पण ती फिरवल्यावर जे जागे होते ते १९६० च्या दशकातले नसते. हेच ब्रिटिश गाड्यांत ध्रुवतेच्या बाबतीत घडते. लुकासच्या कित्येक गाड्यांत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असे. आजचे बहुतेक संच ऋण बाजू मागतात. म्हणून तारा उलटल्या जातात. मग जुनी कॉइल तशीच राहिली तर प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकावर उलटी ध्रुवता येते आणि ठिणगीला अधिक दाब लागतो. म्हणजे सुधारणेतूनच नवी विजोड जोडी तयार होते, आणि तिचे खापर पुन्हा ‘जुन्या गाडी’वर.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि मोठा फेरफार न झालेले वाहन व्हिंटेज. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची, पुढच्या नोंदणीस ५,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. मोठा फेरफार म्हणजे काय, तर चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांतला बदल. ठिणगीच्या संचाचा उल्लेख नाही. त्यामुळे संपूर्ण विद्युत यंत्रणा भंगारात घातलेली गाडी कागदावर निर्मळ ‘मूळ’ ठरू शकते, आणि इंजिन क्रमांक चॅसिस क्रमांकाशी जुळला की विक्रेता छाती पुढे काढतो. क्रमांक जुळणे म्हणजे गाडी जुळणे, ही समजूत त्यामुळेच फोफावली आहे. क्रमांक धातूवर कोरलेला असतो म्हणून तो टिकतो. कंडेन्सरवर क्रमांक नसतो, म्हणून त्याचा इतिहासही नसतो असे मानणे म्हणजे शिलालेख तेवढा खरा आणि बखर खोटी म्हणण्यासारखे आहे.

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिव्हाने, २०१२ मध्ये संमत केलेली ट्यूरिन सनद या प्रश्नात अधिक शहाणी आहे. बदल करणे भागच असेल तर तो शक्यतो पूर्ववत करता येईल असा असावा, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपावेत, असा तिचा आग्रह आहे. आपल्याकडे नेमका हाच भाग पायदळी जातो. बदल लपवला जातो आणि भाग किलोवर विकले जातात.

दुसऱ्या टोकाच्या शुद्धिवाद्यांनाही येथे सूट देता येत नाही. ‘पाल’ची छाप असलेला साठ वर्षांचा मृत कंडेन्सर मोठी रक्कम मोजून आणायचा आणि गाडीत बसवायचा, कारण छाप अस्सल आहे, हा अट्टहास सीडीआयवाल्यांच्या उतावळेपणाचाच भाऊ आहे. आतला कागद आणि मेण केव्हाच नासलेले असतात. योग्य क्षमतेचा नवा कंडेन्सर, त्यावर बदलाची तारीख खरडलेली, आणि जुना डबीत जपलेला, ही गाडी छापवाल्या मुक्या गाडीपेक्षा आपल्या काळाशी अधिक प्रामाणिक आहे. १९६२ ची जावा १९६२ मध्ये सुरू होत होती, हे तिच्या मूळ स्वरूपाचे पहिले लक्षण कोणी विसरू नये.

म्हणून ‘शंभर टक्के मूळ’ असा दावा समोर आला की टाकीच्या रंगाआधी काही साधे प्रश्न विचारावेत. बॅटरी किती व्होल्टची? कॉइल त्याच व्होल्टची का? पॉइंट जागेवर आहेत का, आणि त्यांवर टेकाड आहे का? डायनामो अजून फिरतो का, की त्याच्या रिकाम्या घरात परके आर्मेचर बसले आहे? उतरवलेले भाग कोठे आहेत? यांची उत्तरे टाळणाऱ्याच्या आरसी बुकात काहीही छापलेले असो, त्याची ओळ खोडून ‘बदललेली’ असे लिहावे लागेल. तसे लिहिल्याने गाडीची किंमत उतरते, हे खरे. विक्रेत्यांचा सारा संताप तेवढ्यावरच आहे.

आणि अष्टमीच्या पुलावर बंद पडलेल्या गाडीचे काय? आधी प्लगची टोपी कोरडी करावी. हाय टेन्शन वायर अंधारात पाहावी. चिरांतून निळसर ठिणग्या उडताना दिसल्या तर वायर बदलावी, ती अजूनही मीटरवर मिळते. मग कॉइलवरचा आकडा वाचावा. सहाच्या जागी बारा दिसला, तर पॉइंट काढण्यासाठी उचललेला पाना पेटीत परत ठेवावा.